ताटाळं भरलं होतं

बाजारात अवरे आले की मला लाज वाटायला लागते. इतरांना भूक लागते. जे. पी. नगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी थंडीत शेंगांचा ढीग घेऊन बाई बसली की येणारेजाणारे थांबतात, शेंग उचलून नाकाला लावतात आणि बोटांना तेलकट चीक लागला की खूश होतात. त्या चिकाला इथे सोगडु म्हणतात. तो नसेल तर शेंग घेण्यात अर्थ नाही, असं बंगळूरचं कुणीही माणूस तुम्ही न विचारता सांगेल. मीही सांगते. पुण्याहून आलेली माझी शेजारीण याला नुसता पावटा म्हणते, तिला तर मी दर हिवाळ्यात सांगते. पण शेंग नाकाशी नेली की मला आधी आठवतं ते पुसून लख्ख केलेलं, चूल विझलेलं स्वयंपाकघर, आणि त्याच्या उंबऱ्याबाहेर ऑफिसच्या साडीत उभी असलेली मी. कानाच्या पाळ्या गरम होतात. ऐंशी ओलांडलेल्या बाईला हे शोभत नाही, पण कानांना कोण सांगणार?

गेल्या रविवारी माझी नात मेघना आली होती. ती सर्जापूर रोडला राहते, कम्प्युटरचं काम करते. मी आदल्या दिवशीच अवरे सोलून भिजत घातले होते. भिजलेला दाणा चिमटीत धरून दाबला की साल बोटांत राहतं आणि आतली डाळ टपकन परातीत पडते. याला आम्ही हितकबेळे म्हणतो. काम सोपं, पण संपता संपत नाही, आणि म्हणून गप्पांना बरं. मेघना एका हाताने दाणे दाबत होती आणि दुसऱ्या हाताने मांडीवरच्या लॅपटॉपवर काहीतरी खालीवर करत होती.

"काय चाललंय एवढं?" मी विचारलं.

"अज्जी, तुला बोअर होईल."

"तू सांग. मला काय, हातच गुंतलेत."

"सरी, बरं. मग ऐक. मेमरीचे तुकडे असतात, पेजेस. एकच पेज एका वेळी चारपाच जण वापरत असतात. म्हणून प्रत्येक पेजला एक काउंट. कुणी घेतलं की एकने वाढवायचा, सोडलं की एकने कमी करायचा. शून्य झाला की पेज मोकळं, दुसऱ्याला द्यायचं. एवढंच."

"एवढंच असतं तर तुझे डोळे असे लाल का झालेत?"

"कारण हे वाढवणं, कमी करणं कर्नलमध्ये जागोजागी पसरलंय. ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने लिहिलंय. मी ते सगळं उचलून एका जागी आणतेय. मशीनचं वागणं तेच राहायला हवं, फक्त आतली मांडणी बदलायची. आणि एखादी जागा नजरेतून सुटली ना, तर कुणीतरी अजून वापरत असलेलं पेज मोकळं समजून आपण देऊन टाकतो."

तिचा कर्नल म्हणजे मशीनच्या आतला कारभार बघणारा मुख्य प्रोग्राम. आमच्या वेळी त्याला मॉनिटर म्हणत आणि पेजला ब्लॉक म्हणत. माझ्या चिमटीतला दाणा तसाच राहिला. हे काम मी केलेलं आहे. साठच्या दशकाच्या अखेरीला, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, अशाच अवऱ्यांच्या दिवसांत. घरात सगळे सांगतात की अज्जी बंगळूरच्या पहिल्या कम्प्युटरवर होती. पहिला बिहिला काही नव्हता तो. पण घरच्या माणसांना कौतुकाला काहीतरी लागतं, म्हणून मी गप्प बसते.

मल्लेश्वरममधलं सासरचं घर मोठं नव्हतं, माणसं फार होती. लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, पुढे लाकडी जाळीचा व्हरांडा, मागे नळ आणि एक नारळाचं झाड. ही मंडळी किती पिढ्यांपूर्वी इकडे आली ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मराठी घरात, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ पडवीत. मी धारवाडची, त्यामुळे मला ते नवं नव्हतं. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. अक्का एकभुक्त, रात्री फक्त दूध घेत. थोरले दीर अण्णा औषधांच्या कंपनीत होते आणि महिन्यातले बरेच दिवस दौऱ्यावर असत. त्यांची बायको इंदिरावहिनी, त्यांची मुलं, दोन लग्नाचे दीर, आमचे हे, आणि मी.

स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत लाकडी ताटाळं होतं. त्यात घरातल्या प्रत्येकाचं ताट उभं असे. पितळेची ताटं, आतून कल्हई केलेली, काठावर नाव कोरलेलं. अण्णांचं, यांचं, दिरांचं, वहिनींच्या मुलांचीसुद्धा लहान लहान. सुनांची ताटं नव्हती. सून नवऱ्याच्या मागून, नवऱ्याच्याच ताटात जेवे. मला माहेरून भांडी मिळाली होती, पण त्यांच्यावर माझ्या वडिलांचं नाव होतं. घरभर इतकी नावं कोरलेली होती, आणि एवढ्या पितळेत माझं नाव कुठंच नव्हतं. मला तेव्हा ते जाणवलंही नाही, हे खरं सांगायला हवं.

रात्री स्वयंपाकघर आवरायची अक्कांची एक पद्धत होती. त्या कधी आकडा म्हणत नसत. ताटाळ्यासमोर उभ्या राहून ताटांच्या काठांवरून एक बोट फिरवत नेत. मधे कुठे खाच रिकामी लागली तर कुणीतरी जेवायचं आहे, अन्न झाकून ठेवायचं. सगळ्या खाचा भरलेल्या असल्या की सगळे जेवले. मग उरलेलं गड्याच्या घरी जायचं किंवा सकाळी गाईला, कारण रात्रीचं शिळं त्या घरात कुणी खात नसे. चूल विझवायची, जमीन पुसायची. इतकी माणसं वेगवेगळ्या वेळी येणारी, पण त्या बोटाची चूक कधी व्हायची नाही, असं सगळे म्हणत.

आमचे हे सुधारक होते. चेष्टा करत नाही, खरंच होते. बायकोला नोकरी करू द्यायची, तीही संध्याकाळपर्यंत परक्या पुरुषांबरोबर एका यंत्रापाशी, हे त्यांनी सगळ्या घराला बजावून सांगितलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते मला म्हणाले, "माझ्या उष्ट्यात तू का जेवायचं? आणि थकून आल्यावर माझं ताट तू का घासायचं? उद्यापासून माझं मी घासून ठेवणार." मला किती आनंद झाला होता. मागच्या नळावर धोतर वर खोचून ताट घासणारा नवरा आमच्या नात्यागोत्यात कुणी पाहिला नव्हता. दीर हसले. अक्कांचे ओठ फक्त थोडे आत गेले. यांचे मित्र आले की हे त्यांना आपलं ताट घासणं सांगत, आणि मित्र माझ्याकडे बघत, नशीब काढलंस अशा नजरेने. मी खाली बघून हसत असे.

आधीचे काही महिने काहीच अडलं नाही. मी लवकर घरी असे, आणि वहिनी मला केळीच्या पानावर नाहीतर पत्रावळीवर वाढत. मग धनुर्मास लागला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, या महिन्यात तारे मावळायच्या आत उठून देवाला मुगाच्या हुग्गीचा, म्हणजे खिचडीचा, नैवेद्य करायचा असतो. अक्का पहाटे अंधारात उठत, म्हणून रात्री स्वयंपाकघर लवकर आवरत. आवरल्यावर पहाटेची भांडी, तांदूळ, मूग सगळं सोवळ्यात मांडून ठेवत. एकदा ते मांडलं की ऑफिसच्या कपड्यांनी आत पाऊल टाकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. नेमकं त्याच महिन्यात संशोधन संस्थेतल्या आमच्या विभागाला मशीन संध्याकाळी मिळू लागलं. दिवसा इतर लोकांची गणितं, ती संपल्यावर आम्ही. घरी यायला आठ तरी वाजत.

अक्कांनी मला आधीच सांगितलं होतं, "तुझं मी श्रीपादाच्या ताटात वाढून झाकून ठेवत जाईन. काळजी नको." आणि त्यांच्या बाजूने त्या चोख होत्या. पुरुषांना वाढून त्या देवघरात जपाला बसत. बाहेर येऊन ताटाळ्यासमोर उभ्या राहत. खाच रिकामी असती तर त्यांनी ठेवलंच असतं. पण यांचं ताट लख्ख घासून जागेवर उभं. म्हणजे त्यांच्या लेखी मी, सुमित्रा, आले, त्या ताटात जेवले आणि मग ते घासलं गेलं. यांना वाटे, आपण आपलं ताट घासलं, बायकोचं अक्का बघतात. दोघंही माझं भलंच करत होते. मी येईपर्यंत ताटाळं भरलेलं असे, चूल थंड असे.

"आलीस? जेवून घे," हे पुढच्या खोलीतून पुस्तकातून मान वर न काढता म्हणत. मी मागे जाई. उंबऱ्याशी उभी राही. ओल्या जमिनीचा वास, विझलेल्या निखाऱ्यांचा वास, आणि त्या सगळ्यावर अवऱ्याच्या आमटीचा वास रेंगाळत असे. मग पडवीतल्या माठातलं पाणी पिऊन मी परत येई. "झालं?" हे विचारत. "झालं," मी म्हणे.

का बोलले नाही, असं आज कुणीही विचारेल. भूक लागली हे नव्या सुनेने सांगायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. भुकेची लाज वाटते. पोट वाजलं की चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं. अक्कांना सांगितलं तर ती त्यांच्यावर तक्रार होणार. यांना सांगितलं तर त्यांच्या त्या घासलेल्या ताटाचं काय? किती अभिमानाने सांगत होते सगळ्यांना. आणि या दोन्हींच्या पलीकडे खरी भीती होती. घरात गोष्ट निघाली असती तर कुणीतरी नक्की म्हणालं असतं की वेळेवर घरी येणाऱ्या सुना उपाशी राहत नाहीत, नोकरी सोड. मला ते मशीन सोडायचं नव्हतं. म्हणून मी जेवण सोडलं.

मशीनची खोली बारा महिने थंडगार. आम्ही स्वेटर घालून बसत असू, बाहेर ऊन असलं तरी. कागदी पट्टीवर भोकं पाडून प्रोग्राम आत द्यायचा. स्मृती इतकी तोकडी की मेघनाच्या मनगटावरच्या घड्याळात त्याहून पुष्कळ जास्त असेल. म्हणून काही ब्लॉक सगळ्यांत मिळून वापरायचे. कोष्टकं, नेहमी लागणारी सूत्रं, एकदाच आत ठेवायची. कोण वापरतंय त्याचा आकडा ब्लॉकच्या शेजारी. तो वाढवायचा, कमी करायचा ते ज्याचं त्याने आपल्या प्रोग्राममध्ये. काही जण कमी करायला विसरत, मग पाहुणा गेला तरी अंथरूण घातलेलंच राहावं तसे ते ब्लॉक अडून बसत. ते परवडलं. पण कधी कधी एका संशोधकाच्या उत्तरांत मधूनच भलते आकडे छापून येत. मशीन थांबायचं नाही, घंटा वाजायची नाही. पहिली पानं बरोबर, पुढची चुकीची, आणि छपाई निर्विकारपणे चालू.

आमचे प्रमुख विश्वनाथ सर म्हणाले, "सुमित्रा, ही मोजणी सगळ्यांच्या हातातून काढून घ्या. मॉनिटरमध्ये एका जागी आणा. आणि हे भलते आकडे कुठून येतात तेही बघा." चांगले गृहस्थ होते. कपाळाला अक्षता आणि अंगारा लावून येत, आणि यंत्रावर यत्किंचितही विश्वास ठेवत नसत.

मी प्रोग्रामांच्या याद्यांवर याद्या छापून टेबलावर पसरल्या. मी एकेक प्रोग्राम चाळत होते. आणि एका दुपारी, आदल्या रात्री जेवले नव्हते त्या दुपारी, मला ते दिसलं. संशोधकाचा मोठा प्रोग्राम कोष्टकाचा ब्लॉक घेत होता आणि आपली नोंद करत होता. मग तो छपाईच्या छोट्या प्रोग्रामला कामाला लावत होता. छोटा तेच कोष्टक वापरायचा, पण त्याची वेगळी मोजणी नाही. मोठ्याची आहे ना, त्यातच त्याचं भागायचं. मोठ्याचं काम आधी संपायचं. तो व्यवस्थित, नियमाप्रमाणे, आपला आकडा कमी करून निघून जायचा. मॉनिटर बघायचा, आकडा शून्य, म्हणजे सगळ्यांचं झालं. ब्लॉक दुसऱ्याला दिला. छोटा अजून तिथेच, आपलं काम करत, आता दुसऱ्याचेच आकडे छापत. चूक कुणाचीच नव्हती. दोघांत एक ताट होतं.

माझे कान पहिल्यांदा तापले ते तेव्हा. खोलीतल्या सगळ्यांना माझं स्वयंपाकघर दिसतंय असं वाटलं.

मी सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं, चष्मा काढला. "हेगे गोत्तायतु?" कसं कळलं, असं त्यांना विचारायचं होतं. सगळा विभाग कित्येक आठवडे शोधत होता.

"सुम्ने, सर," मी म्हटलं. सहजच.

सर खूश होऊन सगळ्यांना कँटीनला घेऊन गेले. उद्दिनवडे, म्हणजे उडदाचे वडे, आले. मी माझा संपवला तेव्हा इतरांनी चटणीत बुडवलाही नव्हता. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं धरून मी हात पुसला, तर सरांनी बोलता बोलता आपली बशी माझ्याकडे सरकवली. कुणाकडे न बघता, खिडकीबाहेर बघत. मी तोही खाल्ला. त्या दिवसाचं कौतुक मला आठवत नाही, ती सरकलेली बशी आठवते.

नियम मी असा लिहिला होता की जो वापरणार तो स्वतःच्या नावाने मोजला जायचा. कुणी कुणाच्या नावावर राहायचं नाही. आणि मोजणार फक्त मॉनिटर, बाकी कुणी आकड्याला हात लावायचा नाही. मशीनवर हे लिहिता येतं. मला लिहिता येत होतं, म्हणून तर जास्त लाज वाटायची.

एकदा मशीन बिघडलं आणि मी लवकर सुटले. मागच्या दाराने आत आले तर नळावर हे ताट घासत होते, शीळ घालत. ताट पंच्याने पुसून त्यांनी ताटाळ्यात ठेवलं आणि ते पुढे निघून गेले. मी अंधारातच होते. थोड्या वेळाने अक्का देवघरातून आल्या. ताटाळ्यासमोर उभ्या राहिल्या, बोट फिरवलं, समाधानाने मान हलवली आणि आमटीचं पातेलं रिकामं करायला उचललं. तेवढ्यात त्यांना मी दिसले.

"काय गं, हवंय का काही?"

पातेल्यात आमटी होती. वाफ येत होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"पाणी," मी म्हटलं.

त्या दिवसांत मी चोरीही करायला लागले. आमच्या खोलीच्या कोनाड्यात, आरशामागे, एक झाकण घातलेली वाटी असे. तळलेले अवरे, चुरमुरे, शेंगदाणे, वर कढीपत्ता. मला वाटे, हे वाचताना तोंडात टाकायला आणतात. हे व्हरांड्यात असताना मी एक मूठ घेई आणि उरलेलं बोटाने सपाट करून ठेवी, कळू नये म्हणून. आपण नवऱ्याच्या वाटीतून चोरून खातो आहोत, या विचाराने घास गिळवत नसे, आणि तरी मी दुसरी मूठ घेई. वाटी पुन्हा भरलेली असे. ती कोण भरतं हा प्रश्न मला पडला नाही. भुकेल्या माणसाला ते सुचत नाही.

इंदिरावहिनींचा मला त्या काळात हेवा वाटायचा. अण्णा दौऱ्यावर असले की त्या रात्री जेवत नसत. मुलांना वरच्या खोलीत निजवून उशिरा खाली येत आणि पाणी पिऊन झोपत. अक्का आल्यागेल्याला सांगत, "नवरा गावाला असला की इंदिरा रात्री अन्नाला शिवत नाही. आजकाल कोण करतं?" बायका वहिनींकडे आदराने बघत. मला वाटे, बघ, ही आपणहून उपाशी राहते आणि किती शांत असते. आणि तुला नुसती आमटीची वाफ दिसली तरी डोळ्यांत पाणी येतं.

शेवट संक्रांतीला झाला, बायकांनी घर भरलेलं असताना. तीळ, गूळ, खोबरं यांचा एळ्ळु वाटणं चाललं होतं. अक्का मला नव्या बांगड्या भरत होत्या. लग्नात अवघड गेलेल्या मापाची बांगडी हातावरून सरळ कोपरापर्यंत गेली. अक्कांनी ती परत खाली आणली, पुन्हा वर सोडली. मग माझा हात तसाच धरून म्हणाल्या, "रात्री जेवतेस ना गं तू?"

मी हात मागे ओढला. तेवढं पुरलं.

त्यांनी यांना हाक मारली. हे आले, बायकांच्या घोळक्यात अवघडून उभे राहिले. "हिचं ताट तू घासतोस की ही?"

"माझं मी घासतो. तिला त्रास नको म्हणून."

"ती जेवायच्या आधी?"

यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडावरून रंग उतरत जाताना मी पाहिला. अक्का खाली बसल्या. "ताट जाग्यावर दिसलं की मी धरलं, जेवली म्हणून," त्या म्हणाल्या, कुणालाच नाही. कुणी कुणाला रागावलं नाही. कुणी नोकरीचं नाव काढलं नाही. तिघांनाही वर बघवत नव्हतं. बायका एळ्ळु घेऊन भराभर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी हे बाजारात जाऊन ताट घेऊन आले. पितळेचं नव्हे, नव्या चकचकीत स्टीलचं. काठावर माझं नाव, कन्नड अक्षरांत, कारण कोरणाऱ्याला तीच येत. अक्कांनी ताटाळ्यात सुताराकडून एक खाच वाढवून घेतली. त्या संध्याकाळी मी आले तेव्हा ती खाच रिकामी होती, चुलीत निखारे होते, आणि अक्का भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मी पोटभर जेवले. जेवताना रडले, ते त्यांनी न बघितल्यासारखं केलं.

रात्री मी यांना म्हटलं, "आता तुमच्या कोनाड्यातल्या वाटीला धोका नाही."

"कोणती वाटी?" हे म्हणाले.

सकाळी मी वाटी घेऊन मागच्या दारी गेले. वहिनी पायरीवर अवरे सोलत बसल्या होत्या. माझ्या हातात वाटी बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"तुम्ही ठेवत होता?"

"एकदा तुला उंबऱ्यात उभी बघितलं ना मी," त्या म्हणाल्या. "सांगणार होते अक्कांना. पण तुझी नोकरी जाईल वाटलं." त्यांनी शेंगेतून दाणे काढले, सूप हलवलं. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आता तुला नको ना? मग घासून दे ती वाटी. सोमवारी हे दौऱ्यावर निघतायत."

मला कळायला वेळ लागला. अण्णा दौऱ्यावर गेले की अण्णांचं ताट जागचं हलत नाही. सगळ्या खाचा भरलेल्या. वहिनी वर मुलांना निजवत असतात, खाली अक्कांचं बोट ताटांवरून फिरतं, चूल विझते. किती वर्षं. माझ्यासारखीच नव्या नवरीची लाज, पहिल्या दौऱ्याला गप्प राहिल्या असतील, दुसऱ्याला राहिल्या असतील, आणि मग लोकांनी त्या भुकेला निष्ठा म्हणायला सुरुवात केली. ती वाटी वहिनींची होती, स्वतःसाठी ठेवलेली. आणि ती त्यांनी माझ्या कोनाड्यात आणून ठेवली होती.

"मी सांगते अक्कांना," मी म्हटलं. "आजच सांगते."

"नको गं," वहिनींनी माझा हात धरला. त्यांच्या बोटांचा चीक माझ्या मनगटाला लागला. "एवढं नाव झालंय माझं. आता जेवले तर काय म्हणतील? आणि परवा श्रीपादाचं तोंड बघितलंस ना. यांचं तसं व्हायला नको." मग हसून म्हणाल्या, "स्वल्प अवरे जास्त भर वाटीत. चुरमुऱ्यांनी काही होत नाही."

त्या सोमवारपासून वाटी मी भरू लागले. एवढंच केलं. ज्या आठवड्यात मी विभागातल्या एकूण एक प्रोग्राममधली ती चूक शोधून काढून टाकली, त्याच आठवड्यात घरातली तशीच चूक मी झाकणाखाली ठेवली, कढीपत्ता घालून. माझं ताट आलं होतं. माझं भागत होतं.

हे सगळं मी मेघनाला सांगितलं, सालं काढता काढता. तिचा लॅपटॉप केव्हाच काळा झाला होता. ती परातीतली डाळ बोटाने हलवत होती.

"मग इंदिरा अज्जीला ताट कधी मिळालं?"

"अण्णा वारले तेव्हा," मी म्हटलं. "त्यांचंच."